पाळकाची सुट्टी आणि टिळकांचा संन्यास

आजचा शास्त्रपाठ : मार्क 6:30–34
सोबत वाचा : लेवीय 25:1–7



आजचा उतारा आपण खूपदा ऐकलाय, पण बहुतेक वेळा पाच भाकरी आणि दोन माशांची प्रस्तावना म्हणून. त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वचनं घाईत सुटतात. आज तिथेच थांबूया. बारा शिष्य गावोगाव सेवा करून परत आलेत. काय केलं, काय शिकवलं, सगळं येशूला सांगतायत. लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही फुरसत नाही. आता येशू त्यांच्या हातात पुढच्या गावांची यादी देईल असं आपल्याला वाटतं. तो त्यांना बाजूला घेऊन जातो. एकांतात, विसावा घ्यायला. विसाव्याची कल्पना शिष्यांची नाही, प्रभूची आहे, हे लक्षात ठेवा.

हा उतारा सध्या माझ्या डोक्यात घोळतोय त्याला कारण आहे. आमची मंडळी छोटी, जेमतेम चाळीस कुटुंबांची. पाळकसाहेब तेरा वर्षं सेवेत आहेत, सलग. या वर्षी त्यांनी पंचकमिटीकडे तीन महिन्यांची सबॅटिकल मागितली. आपल्या आयटीवाल्यांना हा शब्द ओळखीचा आहे, पण मंडळीतल्या अनेकांना नव्हता. प्रश्न आले. पाळकसाहेबांची तब्येत बरी आहे ना? कुठे दुसरीकडे बोलणी चाललीयत का? संदेश कोण देणार? आणि सगळ्यात हळू आवाजात विचारलेला प्रश्न : या तीन महिन्यांचा पगार द्यायचा का?

या प्रश्नांचा विचार करताना मला सारखे एक गृहस्थ आठवत राहिले. आपल्या मराठी मंडळीत ते रविवारी रविवारी आपल्या तोंडी असतात, फक्त आपण नाव वाचत नाही. ‘उपासना संगीत’ उघडा आणि गीतांखालची नावं पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत पारध्याच्या बाणाने जखमी झालेल्या पक्षिणीची कविता शिकलात ना? तेच हे टिळक. लोकमान्य वेगळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, एवढं मात्र खरं.

आधी : न सांगता निघून जाणारे टिळक

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, करजगावचा. कवितेची ओढ आईकडून आली. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटलं नाही, आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. कविता, कीर्तन, भाषणं, सगळ्यात गती. 1880 मध्ये लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यात तरुण टिळक जसे दिसतात तसे कुठल्याच चरित्रात दिसत नाहीत. प्रेमळ, तापट, उधळे आणि अतिशय अस्थिर. आज इथे नोकरी, उद्या तिथे. मनात आलं की निघाले. कुठे चाललोय, कधी परत येणार, हे घरात सांगायची पद्धत नाही. खिशात पैसे आले की ते गरजूच्या हातात जायचे आणि घरात लक्ष्मीबाई डबे चाचपत बसायच्या. देवाच्या शोधात असलेला माणूस होता, यात शंका नाही. पण त्याच्या शोधाचं बिल दुसरंच कुणीतरी भरत होतं.

1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. तो गृहस्थ सौजन्याने बोलला, धर्मावर चर्चा केली आणि उतरण्याआधी नव्या कराराची प्रत भेट दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून गेला. त्याचं नाव टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. टिळक वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे तो अनोळखी प्रवासी म्हणाला होता त्या मुदतीतच.

लक्ष्मीबाईंना हे नंतर कळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा धर्म सोडून गेला म्हणजे त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईचं काय होत असेल, विचार करा. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नगरला आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून घेतलेला तो बाप्तिस्मा नव्हता. जातिभेद खोटा आहे हे त्यांचं त्यांना पटलं होतं, आणि ते कसं पटत गेलं हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मधली बावीस वर्षं

बाप्तिस्म्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत आले. मुख्य मुक्काम अहमदनगर. ख्रिस्ती सेवकांना शिकवणं, प्रवचनं, कीर्तनं, लेखन. काही वर्षं राहुरीत राहून तिथल्या मंडळीत सेवा. 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी संपादनाची जबाबदारी. घरात सतत कुणी ना कुणी राहायला : अनाथ मुलं, विद्यार्थी, कवी. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिले.

या बावीस वर्षांत टिळकांनी एक मोठं काम केलं. मराठी मंडळीला मराठीत गायला लावलं. तोपर्यंत आपली बरीच गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांची वाट धरली : अभंग, ओवी, भजन, कीर्तन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते मानत. आज आपण टाळ-झांजांच्या साथीने येशूचं भजन म्हणतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, त्यामागे हा माणूस आहे.

आता या वर्षांकडे एका पाळकाचं वेळापत्रक म्हणून पाहा. शिकवणं, छापखान्याच्या मुदती, येणारे-जाणारे, दुखणी, भांडणं, मर्तिकं, नव्या विश्वासूंची काळजी. शिवाय कविता. आमच्या कंपनीत सिस्टम रात्री पडली तर कुणाला उठवायचं याची पाळी लावलेली असते. तिला ऑन-कॉल म्हणतात. एक आठवडा तुझा, पुढचा माझा. वर्षभर एकच माणूस ऑन-कॉल ठेवला तर मॅनेजरला जाब द्यावा लागेल. छोट्या मंडळीचा पाळक मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ऑन-कॉल असतो आणि हे कुणाला खटकतही नाही.

1917 : सांगून निघालेले टिळक

1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. साताऱ्याला जाऊन राहिले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

हा आजच्या अर्थाने सबॅटिकल नव्हता. परत येण्याची तारीख नव्हती, परवानगीचं पत्र नव्हतं. तरी सेवेत असलेल्या माणसाने सेवेच्या रोजच्या चाकोरीतून बाजूला होऊन देवाजवळ जाणं, याचं आपल्या मातीतलं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ते नीट पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, ते कशातून बाहेर पडले? सेवेतून नाही. ख्रिस्ताची ओळख लोकांना करून देणं चालूच राहिलं. मिशनशी वैर धरलं नाही, ‘ज्ञानोदय’शी नातंही सुटलं नाही. सोडला तो पगार आणि त्याबरोबर येणारं स्थान. लोक ख्रिस्ती उपदेशकाकडे परक्या संस्थेचा पगारी नोकर म्हणून पाहतात, हे त्यांना बोचत होतं. आपल्या देशात देवाचं बोलणारा माणूस फकीर असतो, भक्त असतो, त्याला लोक ऐकतात. ख्रिस्ताचा भक्त म्हणून, कुणाचाही नोकर न राहता, त्यांना लोकांसमोर उभं राहायचं होतं.

दुसरी गोष्ट, ते कशासाठी बाहेर पडले? ‘देवाचा दरबार’ ही नवी मिशन संस्था नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूला गुरू मानणारे लोक जिथे एकत्र बसतील असा बंधुभाव त्यांना हवा होता. बावीस वर्षांच्या रोजच्या कामात जे मनात असूनही जमलं नव्हतं त्याला त्यांनी जागा केली. सबॅटिकलचा खरा उपयोग हाच असावा. रोजचं काम थांबलं की ज्या पाचारणासाठी ते काम सुरू केलं होतं ते पुन्हा ऐकू येतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तरुणपणी टिळक घरातून निघून जायचे तेव्हाही ते देवाच्याच शोधात असायचे, आणि 1917 मध्येही. पण या दोन निघण्यांत फरक आहे. पहिलं निघणं तडकाफडकी, न सांगता, मागच्यांना वाऱ्यावर सोडून. दुसरं निघणं बावीस वर्षं एका जागी टिकून सेवा केल्यानंतरचं, सगळ्यांच्या देखत, कारणासकट. बाहेरून पाहिलं तर दोन्ही वेळा माणूस गाठोडं उचलून चाललाय. आतून एकात पळणं आहे आणि दुसऱ्यात वेगळं होणं आहे. येशूसुद्धा रात्री डोंगरावर जायचा, पण सकाळी सापडायचा.

आणि मग वेळ संपली

या पुढचं लिहायला जड जातं. साताऱ्याच्या त्या पर्वात टिळकांना दोन वर्षंही मिळाली नाहीत. 5 मे 1918 ला बालकवी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. ज्याला घरात मुलासारखं वागवलं तो असा गेला. त्यानंतर वर्षभरात टिळकांचीही प्रकृती ढासळली, आणि 9 मे 1919 ला मुंबईत त्यांनी देह ठेवला. वय सत्तावन्न.

‘देवाचा दरबार’ त्यांच्यामागे त्यांच्या मनातल्या रूपात उभा राहिला नाही. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं होतं, त्याचे सुरुवातीचे अध्यायच लिहून झाले होते. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना मुलगी म्हणून शाळेत कुणी घातलं नव्हतं, ज्या लग्नानंतर अक्षरं शिकल्या, त्यांनी नवऱ्याचं महाकाव्य हाती घेऊन अध्यायांमागून अध्याय रचले. 1936 मध्ये त्या गेल्या तोपर्यंत त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ही मराठीतलं एक मोठं पुस्तक झालं होतं.

मला यातून दोन गोष्टी दिसतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एक, विसावा फार उशिरा घेतला तर शरीर साथ देत नाही. पंचावन्नाव्या वर्षी मोकळा झालेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षी गेला. हीच मोकळीक चाळिशीत, सहा-सहा महिन्यांची, दोन-तीनदा मिळाली असती तर? देवाची योजना त्यालाच ठाऊक. पण लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यायला सांगतो, तेव्हा जमीन नापीक होईपर्यंत थांबा असं सांगत नाही. विसाव्याचं वर्ष आधीच मोजून ठेवलेलं आहे. सबॅटिकल हा शब्द याच शब्बाथातून आलाय, आपल्या एचआर पॉलिसीतून नाही.

दोन, काम पुढे नेणारं कुणीतरी असतं. बहुतेक वेळा ते ज्याच्याकडे आपलं लक्ष नसतं असं माणूस असतं.

आगरदांड्याला

पंचकमिटीने शेवटी रजा मंजूर केली. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई पहिले काही आठवडे आगरदांड्याला राहायला गेले. मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर. खाडीच्या अल्याड आगरदांडा, पल्याड दिघी, मध्ये माणसांची आणि गाड्यांची ने-आण करणारी जंगल जेट्टी. जंजिरा किल्ला तिथून फार लांब नाही. मी एका शनिवारी त्यांचं काही सामान पोचवायला गेलो होतो.

जून महिना होता. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि तो माशांच्या विणीचा काळ असतो. या दोन्ही कारणांसाठी हा नियम आहे. होड्या वर ओढून, झाकून ठेवलेल्या. माणसं पडवीत बसून जाळी दुरुस्त करत होती. एका दादांना मी सहज विचारलं, दोन महिने धंदा बंद म्हणजे नुकसानच ना? ते म्हणाले, नुकसान तर होतंच, घर चालवायला ओढाताण होते. पण या दिवसांत मासा धरला तर पुढे धरायला काय राहील?

पाळकसाहेब बाजूला उभे होते. ते हसले, आणि मला म्हणाले की मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशूने याकोब आणि योहानाला हाक मारली तेव्हा ते होडीत बसून जाळी नीट करत होते. इतकी वर्षं मी त्यावर संदेश देतोय, पण माझं सगळं लक्ष हाकेवर असायचं. जाळ्यांकडे आज पाहिलं.

मी परत निघालो तेव्हा पाळकीणबाई म्हणाल्या, तेरा वर्षांत आम्ही दोघांनी सलग सात दिवस एकत्र दुपारचं जेवण केल्याचं मला आठवत नाही, इथे केलं. तेव्हा मला लक्ष्मीबाई आठवल्या. पाळकाची विश्रांती म्हणताना आपण एकाच माणसाचा विचार करतो. तिचा अर्धा हिस्सा दुसऱ्या माणसाचा असतो.

मग पगाराचं काय?

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येऊ. कुणीतरी टिळकांचं उदाहरण देऊन म्हणेल की खऱ्या सेवकाने पगाराची अपेक्षाच ठेवू नये, टिळकांनी नाही का सोडला? हो, सोडला. पण तो त्यांनी स्वतः सोडला. त्याग हा करणाऱ्याचा असतो. देणाऱ्याने हात आखडता घेऊन तो समोरच्यावर लादायचा नसतो. ज्याच्या हातात दानार्पणाची पेटी आहे त्याने पाळकाला संन्यासाचं महत्त्व समजावून सांगणं, हे मला फार अवघड वाटतं. टिळकांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक व्हावं, आणि आपल्या पाळकाचा पगार महिन्याच्या महिन्याला वेळेवर द्यावा. रजेतसुद्धा. दोन्ही एकाच श्रद्धेतून येतं.

तुमच्या मंडळीत असा प्रसंग आला, किंवा यावा असं वाटत असेल, तर तरुणांनी काय करावं? मला सुचलेलं सांगतो.

पाळकाने मागण्याची वाट पाहू नका. पाच किंवा सात वर्षांनी विसावा, असं पंचकमिटीच्या ठरावातच येऊ द्या. मागावं लागलं की माणूस थकल्याची कबुली द्यायला घाबरतो.

रजा म्हणजे रजा. त्या काळात दाखल्यावर सही, लग्नाची तारीख, हॉलचं लाइट बिल यासाठी फोन करू नका. आमच्याकडे एका मावशींनी एक वही केली : पाळकसाहेब परत आल्यावर विचारायचे प्रश्न. पहिल्या महिन्यातच त्यातले बरेच प्रश्न मंडळीने आपापसात सोडवले.

संदेश वाटून घ्या. वडीलजन, महिला मंडळ, युवक संघ, शेजारच्या मंडळीचे पाहुणे. सगळे संदेश उत्तम होणार नाहीत. होऊ दे. लक्ष्मीबाईंच्या हातात ‘ख्रिस्तायन’ आलं ते असंच, कुणाची तरी जागा रिकामी झाली म्हणून.

आणि पाळकाच्या घरच्यांना विचारा, त्यांना या दिवसांत काय हवंय.

शेवटी पुन्हा आजच्या उताऱ्याकडे. शिष्य होडीत बसून एकांताकडे निघाले खरे, पण लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथे पोचले. म्हणजे ठरवलेला विसावा मोडला. तिथे येशू चिडला नाही, त्याला लोकांचा कळवळा आला. पण एक बघा, त्या वेळी शिकवायला कोण उभं राहिलं? येशू स्वतः. दमून आलेल्या शिष्यांना त्याने पुढे केलं नाही. मेंढरांना मेंढपाळ नव्हता, तर तो स्वतः झाला. आपला पाळक तीन महिने नसेल तेव्हा मंडळीला पाळक नसेल असं नाही. मुख्य मेंढपाळ रजेवर जात नाही.

आज मननासाठी : तुमच्या मंडळीतला कोणता माणूस गेली कित्येक वर्षं सतत ऑन-कॉल आहे? या आठवड्यात त्याची कोणती एक पाळी तुम्ही घेऊ शकता?

प्रार्थना : प्रभू येशू, तू तुझ्या दमलेल्या सेवकांना ओळखतोस. आमच्या पाळकांना आणि त्यांच्या घरच्यांना तुझ्याजवळ विसावा दे. तो विसावा द्यायला आमचे हात सैल कर. त्यांची जागा रिकामी असेल तेव्हा घाबरून न जाता आम्हाला तुझ्याकडे पाहायला शिकव. तुझ्या सेवक नारायणाबद्दल आणि तुझी सेविका लक्ष्मीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमेन.